लाल हॅचबॅकचा रंग: स्वस्त डबा शोधताना

गाडी पाच दारांची छोटी हॅचबॅक, वीसेक वर्षांची, साध्या लाल रंगाची. साध्या म्हणजे मेटॅलिक नव्हे, आणि वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक चकाकीचा, थरही नाही; रंग आणि चकाकी एकाच थरात. इंजिन ठणठणीत, पत्रा बऱ्यापैकी शाबूत. पण बॉनेट आणि टप पांढुरके पडलेले, हात फिरवला की तळव्याला गुलाबी भुकटी लागायची. मालक माझा भाचा. गाडी स्वतः रंगवायची हे त्याचं आधीच ठरलं होतं. मी रंगाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली असल्यानं विचारणा माझ्याकडे आली: "मामा, सगळ्यात स्वस्त रंग कोणता घेऊ?"

त्याच्या हातात दुकानातून लिहून आणलेली यादी होती. एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर), सिंथेटिक एनॅमल, मशिनरीला मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन), गाड्यांचा टू-के डायरेक्ट ग्लॉस (रंग आणि तो घट्ट करणारा हार्डनर असे दोन डबे मिसळून मारायचा, वर क्लिअर न लागणारा), बेस आणि क्लिअर, स्प्रेचे डबे. प्रत्येकासमोर लिटरचा भाव. त्या भावांखेरीज यादीत काहीच नव्हतं, आणि निर्णय करायला नेमका तोच आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा.

लिटरचा भाव आणि चौरस मीटरचा भाव

डब्यातला सगळा रंग गाडीवर राहत नाही. थिनर उडून जातो; मागे उरतो तो घनभाग, म्हणजे रेझिन आणि रंगद्रव्य. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा सुका थर म्हणजे १ मिलिलिटर घनभाग. आम्ही टेप लावून मोजलं तेव्हा गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण १० चौरस मीटर भरला. वरचा थर ५० मायक्रॉनचा हवा असं धरलं, तर ५०० मिलिलिटर घनभाग गाडीवर बसायला हवा. रंग कोणताही घ्या, हा आकडा हलत नाही.

आता गनमधून निघालेलं सगळं पत्र्याला चिकटतही नाही. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनकडून ६५ टक्के किंवा जास्त रंग पत्र्यावर बसण्याची अपेक्षा असते, जुन्या जास्त दाबाच्या गनमधून त्याहून बराच कमी बसतो, आणि नवशिक्याच्या हातून कोणत्याही गनचा आकडा घसरतो. आम्ही निम्मा धरला.

फवारायला तयार केलेल्या टू-केमध्ये घनभाग आकारमानानं ४० टक्के धरला, तर ५०० मिलिलिटरसाठी सव्वा लिटर, आणि निम्मा वाया जाणार म्हणून अडीच लिटर मिश्रण लागतं. दोन भाग रंग, एक भाग हार्डनर आणि वर दहाएक टक्के थिनर या प्रमाणात त्यात रंग दीड लिटर, हार्डनर पाऊण लिटर, बाकी थिनर. एनसीचं गणित वेगळं. ते फवारण्याइतकं पातळ करेपर्यंत घनभाग १२-१३ टक्क्यांवर येतो. म्हणजे त्याच ५०० मिलिलिटरसाठी आठ लिटर मिश्रण: चार लिटर रंग, चार लिटर थिनर. वर एनसीला चकाकी आणायची तर घासून पॉलिश करावं लागतं, त्यात काही मायक्रॉन आणखी जातात.

भाच्याच्या यादीत एनसी लिटरमागे टू-केच्या निम्म्या भावाला होतं. डबे मोजले तेव्हा दोन्हींचा खर्च जवळपास सारखा आला, आणि थिनर धरल्यावर एनसी पुढे गेलं. यादीतला सगळ्यात आकर्षक भाव इथेच गळाला.

एनसीला मी कमी लेखत नाही. ड्यूपॉंनं १९२०च्या दशकात ड्यूको या नावानं हे रसायन मोटारींसाठी आणलं, तेव्हा रंग वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. शिकणाऱ्याला त्यात आजही एक सुख आहे. ते फक्त थिनर उडून वाळतं, त्यामुळे ओघळ आला, धूळ बसली, तरी पेपर मारून पुन्हा फवारता येतं. पण जे थिनर उडून वाळतं ते थिनर लागताच विरघळतंही, पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो, आणि उन्हात काही वर्षांनी त्यावर बारीक भेगांची जाळी उठते. हौसेनं जपलेल्या, छपराखाली राहणाऱ्या जुन्या गाडीला ठीक. ही गाडी रोज उघड्यावर उभी राहणारी.

सिंथेटिक एनॅमलमध्ये मात्र घनभाग भरपूर असतो, पातळ थोडंच करावं लागतं, हार्डनर लागत नाही. सव्वादोन लिटरच्या आसपास डबा पुरला असता. नुसत्या आकड्यांवर बघितलं तर यादीत सगळ्यात स्वस्त तेच. भाचा तिथेच थांबायला तयार होता.

उरलेल्या पर्यायांवर वेळ घालवावा लागला नाही. स्प्रेच्या डब्यांत बराच भाग फवारणाऱ्या वायूचा आणि थिनरचा असतो. एखादं आरशाचं कव्हर रंगवायला ते बरे, अख्खं बॉनेट रंगवायला महाग आणि पट्टे पाडणारे. बेस आणि क्लिअर म्हणजे दोन रंगांची खरेदी. मेटॅलिकला ती करावीच लागते, साध्या लालला गरज नाही, शिवाय एक थराच्या जुन्या पत्र्याशेजारी क्लिअर मारलेला पत्रा वेगळाच दिसतो. मशिनरीचा पीयू हा खरं तर चांगला माल आहे, ट्रक आणि यंत्रं त्यावर वर्षानुवर्षं ऊन खातात. पण तो ठरावीक छटांत येतो आणि आपल्या लालशी जुळणारी छटा त्यात नव्हती. पीयू घेताना आणखी एक पाहावं: हार्डनर अ‍ॅलिफॅटिक आहे की अ‍ॅरोमॅटिक. लाकडी फर्निचरसाठी विकला जाणारा स्वस्त पीयू बऱ्याचदा अ‍ॅरोमॅटिक हार्डनरचा असतो. घरात तो चालतो, उन्हात पिवळा पडतो.

यादीत नसलेली दोन कलमं

पहिलं कलम कॉम्प्रेसर. भाच्यानं मित्राकडून २५ लिटर टाकीचा आणला होता. टाकीच्या आकारानं माणूस फसतो. गनला हवा सलग लागते, आणि ती पंप किती देतो यावर अवलंबून. खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा पंप किती हवा ओढतो त्याचा असतो, प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी. पूर्ण आकाराच्या एचव्हीएलपी गनला मिनिटाला २५० ते ३५० लिटर हवा लागते. हा पंप शंभरेक लिटर देत होता. म्हणजे बॉनेटच्या मध्यावर पोचेपर्यंत दाब पडणार, फवारा जाड होणार आणि पुढचा अर्धा भाग खडबडीत येणार. कमी हवेवर चालणाऱ्या छोट्या एलव्हीएलपी गननं एक एक सुटा पत्रा रंगवता येतो. टप मात्र सुटा करता येत नाही.

दुसरं कलम त्यानं सांगितलंच नव्हतं, मला ठाऊक होतं म्हणून निघालं. त्याला लहानपणी दमा होता आणि थंडीत अजूनही इनहेलर जवळ ठेवावा लागतो.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याच्या बारीक थेंबांतून ते श्वासात गेलं की काहींच्या शरीराला त्याचं कायमचं वावडं होतं. एकदा ते झालं की पुढे अत्यल्प मात्रेनंही दम्याचा झटका येतो. धोक्याची पातळी गाठली तरी वास येत नाही, म्हणून "वास आला की बाहेर पडू" हा शहाणपणा इथे निरुपयोगी. काळ्या कार्बनच्या डब्या लावलेला मास्क घालून अनेक जण टू-के मारतात. त्या डब्या कधी निकामी झाल्या हे कळायला काहीच खूण नसते. ब्रिटनमधली हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी संस्था अशा फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच वापरायला सांगते, आणि फवारा थांबल्यावरही खोलीतली हवा साफ होईपर्यंत तो काढू नये असं बजावते. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल कामात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण घेणं सक्तीचं झालं आहे.

ज्याला आधीच दमा आहे त्यानं टू-के फवारू नये, हवेचा मास्क असला तरी. या मुद्द्यावर मी भाच्याशी वाद घातला नाही, फक्त नाही म्हटलं.

सिंथेटिकला दिलेली संधी

मग सिंथेटिक. मी त्याच्या बाजूनं नव्हतो, पण भंगारातून आणलेल्या एका डिकीच्या झाकणावर ते मारून बघू म्हटलं. गाडीवर प्रयोग करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. झाकण घासलं, प्रायमर दिला, लाल सिंथेटिकचा पहिला हात छोट्या गननं फवारला.

सिंथेटिक हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि हे काम सावकाश चालतं. पत्र्याची शेड तीन बाजूंनी उघडी. संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर बारीक कीटक आणि धुळीचे कण बसले होते. दुसऱ्या दिवशी हात लावला तर कोरडं वाटत होतं, म्हणून भाच्यानं दुसरा हात दिला. दहा मिनिटांत झाकणाच्या मधोमध सुरकुत्या उठल्या.

यात दुकानदाराचा किंवा डब्याचा दोष नव्हता. पहिला थर वरून घट्ट होतो, आतून अजून अर्धवट असतो. त्याच वेळी ताज्या रंगातला थिनर आत शिरला की तो थर फुगतो आणि चुरगळतो. दुसरा हात एक तर पहिल्या काही तासांत द्यायचा, नाही तर थर पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, थांबायचं. मधला काळ वर्ज्य. किती तास आणि किती दिवस ते त्या मालाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्वस्त डब्याबरोबर ते पत्रक मिळतंच असं नाही. मिळत नसेल तर मी तो डबा घेत नाही.

धूळ आणि सुरकुत्या टाळता येतात. उन्हाचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहतो. हार्डनर नसलेलं सिंथेटिक बॉनेट आणि टपावर काही वर्षांतच चमक सोडतं आणि पुन्हा भुकटी देऊ लागतं. आमची तक्रार भुकटीचीच होती. आणि पुढे कधी चांगला रंग द्यायचा ठरलं तर खालचं सिंथेटिक टू-केच्या थिनरनं उठण्याची भीती, म्हणजे ते सगळं खरवडायचं. आज वाचवलेले पैसे तेव्हा घासण्याच्या मजुरीत जातात.

एनसी गेलं, टू-के हातानं मारायचं नाही, सिंथेटिक नको. भाचा वैतागला, आणि ते साहजिक होतं.

आहे तो रंग

कोंडी फुटली ती कंपाउंडनं, म्हणजे रंगाची वरची मेलेली कातडी घासून काढणाऱ्या पेस्टनं. खरं तर दुकानात जाण्याआधी करायची ही चाचणी. उजव्या मागच्या दारावर हातभर चौकोन टेपनं आखून मध्यम कंपाउंडनं घासला. फडक्यावर लाल उतरला, म्हणजे वर क्लिअर नाही हे नक्की झालं, आणि चौकोनात असा लाल निघाला की शेजारचा पत्रा दुसऱ्या गाडीचा वाटावा. उभ्या पत्र्यावर ऊन तिरकं पडतं, त्यामुळे तिथे फक्त वरची कातडी मेली होती. सबंध उजवी बाजू, डावं मागचं दार आणि मागचं झाकण कंपाउंडनं परत आलं. बॉनेटवर तोच प्रयोग केला तर चमक यायच्या आत उंचवट्यांवर राखाडी प्रायमर दिसू लागला. तिथे रंग उरलाच नव्हता. टपाचीही तीच गत.

डावीकडे दुसरी भानगड होती. पुढचं दार आणि फेंडर कधीतरी आधीच्या मालकानं रंगवून घेतलेलं. कशानं रंगवलं हे कळल्याशिवाय त्यावर काहीही मारणं म्हणजे जुगार. यासाठी पांढऱ्या कापडावर एनसी थिनर घेऊन रंगावर मिनिटभर दाबून धरायचं आणि घासायचं. रंग विरघळून कापडावर आला तर लॅकर. फुगला, चुरगळला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर कारखान्यातला भट्टीत भाजलेला किंवा टू-के. भुकटी धरलेल्या पत्र्यावर ही चाचणी फसवते, कारण मेलेलं रंगद्रव्य कोरड्या कापडावरही उतरतं आणि चांगला भाजलेला रंगही लॅकर असल्यासारखा वाटतो. म्हणून आधी कंपाउंड, मग थिनर. तसं केल्यावर कारखान्याचा रंग ढिम्म राहिला, आणि डाव्या दाराचा रंग कापडाबरोबर निघून आला. लॅकर. ते दोन्ही पत्रे पूर्ण खरवडायचे ठरले.

आता रंगवायचं काय उरलं? बॉनेट, टप, एक फेंडर, एक दार. मोजून पाच चौरस मीटर. सगळं काम निम्म्यावर आलं, आणि सुटलेल्या निम्म्यात दारांच्या कडा, खांब, काचांची रबरं असा सगळ्यात किचकट भाग होता. पाच चौरस मीटरला टू-केचा पाऊण लिटर रंग पुरतो. लाल आहे म्हणून एक लिटर.

पैशाचं गणित इथे उलटलं. रंग, हार्डनर, प्रायमर सगळंच निम्म्यावर आल्यावर वाचलेल्या रकमेत रंगकाम करणाऱ्या एका गॅरेजचं बूथ आणि त्यांच्या पेंटरचा थोडा वेळ बसत होता. घासणं, पुट्टी, प्रायमर, मास्किंग भाच्यानं करायचं; टू-केचा शेवटचा थर हवेचा मास्क लावलेल्या पेंटरनं बूथमध्ये द्यायचा. "म्हणजे मी रंगवलीच नाही," असं तो म्हणाला. मला ते पटत नाही. गाडीच्या रंगकामात फवारणी हा सगळ्यात छोटा भाग आहे, आणि मजुरीचं बिल जे फुगतं ते घासण्यानं.

काळ्या किंवा चंदेरी रंगाचा विषय मध्येच निघाला होता. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, इंजिनाची खोली, डिकीची आतली बाजू सगळं आलं. रंग आणि मेहनत दोन्ही वाढतात. काळा प्रत्येक पोचा दाखवतो, चंदेरीतले कण सारखे बसले नाहीत तर ढग दिसतात. कमी पैशांत रंगवायची गाडी तिच्या मूळ रंगातच ठेवावी, याला मला तरी अपवाद सापडलेला नाही.

लाल जुळवणं

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या पट्टीवर होता. पण कोड सांगतो ती छटा कारखान्यातून निघालेली. वीस वर्षं ऊन खाल्लेल्या आणि कंपाउंडनं परत आणलेल्या लालशी ती जुळेल याची खात्री नाही. नवा फेंडर जुन्या बंपरला लागून, रंगवलेलं पुढचं दार कंपाउंड केलेल्या मागच्या दाराला लागून येणार होतं. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, ते कंपाउंड केलं आणि कोडबरोबर रंग मिसळणाऱ्याकडे पाठवलं. त्यानं कोडचं मिश्रण करून झाकणाशी ताडलं आणि किंचित गडदपणा कमी केला. छोटं, सुटं होणारं आणि खऱ्या गाडीचं: नमुना म्हणून याहून चांगलं काही नाही.

लाल हा महागडा आणि अर्धपारदर्शक रंग. पूर्वी शिशाच्या मॉलिब्डेट लालनं एका हातात पत्रा झाकला जायचा. ते विषारी म्हणून मागे पडलं आणि त्याची जागा घेणारी सेंद्रिय रंगद्रव्यं तितकी झाकत नाहीत. जुना लाल कोरडा घासू नये, पाणी लावूनच घासावा, याचं एक कारण हेही: खाली काय आहे सांगता येत नाही. पांढऱ्या गाडीचा हिशेब सोपा असता, टायटॅनियम डायऑक्साइड उत्तम झाकतं. लालसाठी खालचा प्रायमर सगळीकडे एकाच छटेचा हवा. राखाडी, पांढरे, जुने लाल असे ठिगळ राहिले तर वरून दोन हात जास्त द्यावे लागतात, आणि मग स्वस्त प्रायमर महाग पडतो.

रंगाखाली

क्रम महत्त्वाचा. आधी साबणानं धुणं, मग मेण आणि तेल काढणारा द्रव, आणि त्यानंतरच पेपर. आधी घासलं तर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत शिरून बसतं आणि शेवटच्या थरात वाटोळे खड्डे पडतात, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. या गाडीवर आधीच्या मालकानं भरपूर पॉलिश चोळलेलं असावं, म्हणून द्रव दोनदा लावला. एका कापडानं ओलं करायचं, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं पुसायचं. नुसतं हवेत सुकू दिलं तर घाण जागच्या जागी राहते.

दार आणि फेंडर पत्र्यापर्यंत खरवडले. फेंडरच्या कमानीत गंज निघाला, तो साफ करून उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर दिला. एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसतं, आमचा अमाइन नावाच्या रसायनावर घट्ट होणारा होता, म्हणून हे काम भाच्याला करता आलं; त्वचेला ते त्रास देतं, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे आणि वाफेचा मास्क हवाच. इथे खर्चात हात आखडायचा नाही, असं मी बजावलं होतं. स्वस्त एक-डब्याचा प्रायमर पाणी शोषतो. त्यावर कितीही चांगला रंग द्या, फोड खालून येतात. एपॉक्सीवर पुट्टी, पुट्टीवर फिलर प्रायमर. तो आयसोसायनेटचा नको म्हणून फिलरही एपॉक्सीचाच घेतला. त्याला सुकायला वेळ लागतो आणि घासायला तो चिवट, पण आम्हाला घाई नव्हती.

घासताना ८०, १८०, ३२० असा पेपर चढवत नेला. फिलरवर काळ्या रंगाची हलकी फुंकर मारली आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासलं. जिथे काळं उरलं तिथे खड्डा, जिथे आधी गेलं तिथे उंचवटा. शेवटचा हात ६०० च्या वॉटर पेपरचा. टपाची कड दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्टीखालच्या खाचेत संपत होती, त्यामुळे पट्टी काढून रंग खाचेतच थांबवता आला. काचेच्या रबराखाली जाड दोरी सारली की ओठ वर उचलला जातो आणि टेप त्याच्या खाली जाते. नाही तर कडेला रंगाची कच्ची रेघ राहते आणि तिथूनच सोलायला सुरुवात होते.

सिंथेटिकचा उरलेला डबा वाया गेला नाही. डिकीच्या आतला तळ आणि सुट्या चाकाची खोबण त्यानं ब्रशनं रंगवली. तिथे ऊन पोचत नाही.

सगळा खर्च मांडला तेव्हा लाल रंग आणि त्याचा हार्डनर मिळून एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. पेपर, टेप, प्रायमर, पुट्टी, द्रव, गाळण्या, हातमोजे यांनी रंगापेक्षा जास्त खाल्लं, आणि यांतलं एकही नाव दुकानातल्या पहिल्या यादीत नव्हतं.

बूथमधून आल्यावर

बॉनेट, फेंडर आणि दार सुटे करून, टप गाडीवरच, असं सगळं एकाच बैठकीत झालं. पेंटरनं बॉनेटच्या आतल्या बाजूला काळ्या-पांढऱ्या चौकटीचा स्टिकर लावला आणि चौकटी दिसेनाशा होईपर्यंत हात दिले. तीन लागले. टपावर एरियलच्या भोकाजवळ दोन फिश आय आले. भोकाच्या आतलं ग्रीस कापडाला लागलं नव्हतं. पूर्ण पक्का झाल्यावर ते भरून, २००० च्या पेपरनं सपाट करून पॉलिश केले. शोधल्याशिवाय सापडत नाहीत.

जोड दिसतो का? दिवसाच्या उजेडात फेंडर आणि बंपर एकच वाटतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली पुढचं दार मागच्यापेक्षा किंचित केशरी दिसतं. दोन रंगांत रंगद्रव्यं वेगळी असली की एका प्रकाशात जुळलेलं दुसऱ्यात फुटतं, आणि वीस वर्षांपूर्वीची नेमकी रंगद्रव्यं आज मिळणंही कठीण. पूर्ण गाडी रंगवली असती तर हे टळलं असतं, दुप्पट पैशांत. माझ्या मते हा फरक सोसण्यासारखा आहे. भाच्याच्या बायकोच्या मते नाही.

कंपाउंड केलेल्या बाजूंना दर काही महिन्यांनी मेण लावावं लागणार, नाही तर भुकटी परत येईल. तिथला थर आता पातळ आहे आणि दुसऱ्यांदा जोरात घासणं त्याला झेपणार नाही.

दमा नसता तर मी वेगळं सुचवलं असतं का? थोडं. हवा पुरवणारा मास्क भाड्यानं मिळत असेल आणि फवारा शेजाऱ्यांच्या अंगणात जाणार नाही अशी बंद, हवेशीर जागा असेल, तर सुटे पत्रे छोट्या गननं टू-केमध्ये घरी रंगवता आले असते. टपासाठी त्या कॉम्प्रेसरवर मी तरीही विसंबलो नसतो. आणि गाडीचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचंच उरलं असतं, तर सिंथेटिकच मारू दिलं असतं, दोन हातांमधलं अंतर पत्रकाप्रमाणे पाळून.

एक लिटरमधला पाव लिटरहून थोडा कमी लाल उरला आहे. तो छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, छटेचं मिश्रण आणि तारीख लिहून ठेवला. दगड लागून टवके उडतील तेव्हा लागेल. उघडलेला हार्डनर मात्र ठेवण्यात अर्थ नव्हता. हवेतला ओलावा लागला की तो आतल्या आत बिघडत जातो, आधी गढूळ होतो, मग घट्ट. तो घातक कचऱ्यात दिला. टवके झाकायला उरलेला लाल हार्डनरशिवाय बारीक ब्रशनं ठिपक्याठिपक्यांनी लावता येतो, फक्त त्यावर पेट्रोल सांडू द्यायचं नाही.